मातांच्या मृत्यूची नोंद : डॉ. जेरुशा झिराड यांचे कागद

कोणत्याही जुन्या देवळाच्या ज्युबिलीचा प्रसंग आला, कीं पाद्रीसाहेबांच्या कपाटांतल्या जुन्या वह्या बाहेर निघतात. बाप्तिस्म्याची वही, लग्नांची वही, मयतांची वही. अशा वह्या ठेवण्याची शिस्त आपल्या पवित्र ख्रिस्तसभेंत फार जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं लग्नाची नोंद ठेवण्याची आज्ञा केली; आणि १६१४ सालीं पोप पांचवे पौल यांनीं प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथानें मयतांची वही कशी लिहावी याचा नमुनाच घालून दिला. मृताचें नांव, त्याच्या बापाचें किंवा तिच्या नवऱ्याचें नांव, वय, मृत्यूचा दिवस, पापनिवेदन झालें कीं नाहीं, परमप्रसाद मिळाला कीं नाहीं, अंत्याभ्यंग झाला कीं नाहीं, आणि माती कोठें दिली. ही सर्व विचारपूस आत्म्याच्या हिताची आहे, आणि ती तशीच असावी. परंतु एक प्रश्न त्या नमुन्यांत मुळींच नाहीं. मृत्यु कशानें झाला?

जुनी मयतांची वही वाचतांना हा उणेपणा एके ठिकाणीं विशेष जाणवतो. वीस-बावीस वर्षांच्या विवाहित स्त्रीचें नांव येतें, आणि पुढें कांहींच नसतें. मग एखाद्यानें बाप्तिस्म्याची वही शेजारीं उघडून त्याच आठवड्याचें पान काढावें. तेथें अर्भकाला घाईघाईनें, घरींच, सुईणीच्या हातून बाप्तिस्मा दिल्याची नोंद असली, म्हणजे त्या स्त्रीला काय झालें तें कळतें. दोन वह्या जवळजवळ ठेवल्यावांचून एका बाईच्या मरणाचें कारण कळूं नये, ही गोष्ट आमच्या मनाला बरीच लागली. त्यांतून सुईणीविषयीं ख्रिस्तसभा बेफिकीर होती असेंही नाहीं. मरणोन्मुख अर्भकाला बाप्तिस्मा कसा द्यावा हें सुईणींना नीट शिकवावें, अशी पाद्रींना आज्ञाच आहे. १९१७ च्या धर्मनियमसंहितेंत ती पुन्हां स्पष्ट शब्दांत आली. म्हणजे सुईणीच्या तोंडीं कोणते शब्द असावेत हें पाहिलें जात होतें. तिचे हात धुतलेले आहेत कीं नाहींत, हें पाहणारें मात्र कोणी नव्हतें.

हा प्रश्न ज्यांनीं प्रथम लिहून विचारला, आणि त्याचें उत्तर सरकारच्या पुढ्यांत ठेवलें, त्यांत डॉक्टरीणबाईंचा वांटा मोठा आहे. त्यांचीं पत्रें, अर्ज, निबंध आणि अहवाल हे आमच्या लेखाचे विषय होत. आणि आपल्या किनाऱ्याच्या वाचकांनीं त्यांतील एक नांव तरी आपलें म्हणून ओळखावें, अशी आमची इच्छा आहे. तें नांव झिराड. अलिबाग तालुक्यांतील झिराड गांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु त्या गांवाचें नांव लावणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांची ओळख येथें फार थोड्यांना असेल.

त्यांच्यापर्यंत येण्यापूर्वीं अलिबागेंतच क्षणभर थांबावें लागेल. हिंदुस्थानांतून अमेरिकेस जाऊन डॉक्टरीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षीं लग्न झालें. नवरा गोपाळराव पोस्टांत कारकून. त्यांची बदली अलिबागेस झाली, आणि आनंदीबाईंच्या शिक्षणाचा प्रारंभीचा बराचसा भाग या गांवांत घडला. चौदाव्या वर्षीं त्यांना मूल झालें, आणि तें दहा दिवसांत गेलें. पुढें गोपाळरावांनीं कोल्हापूरचे अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना मदतीविषयीं पत्र लिहिलें. वाइल्डर प्रॉटेस्टंट पंथाचे. उत्तराचा रोख असा होता, कीं आधीं ख्रिस्ती व्हावें. आनंदीबाई हिंदु राहूनच १८८३ सालीं समुद्र ओलांडून गेल्या, आणि त्यांना घरांत ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंनीं अशी कोणतीही अट घातली नाहीं. ख्रिस्ती वाचकांनीं ही हकीकत झांकून ठेवूं नये असें आम्हांस वाटतें. शोमरोन्याच्या दृष्टांतांत जखमीला त्याचा धर्म विचारल्याचा उल्लेख नाहीं.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत आनंदीबाईंनीं पाठविलेला प्रवेशाचा अर्ज आणि विद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडले यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार आजही त्याच शहरांत जपून ठेवलेला आहे. त्या अर्जांत त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : माझ्या देशभगिनी दुखण्यानें मरतील, पण पुरुष डॉक्टरला हात लावूं देणार नाहींत, त्यांच्यासाठीं मला हें शिकावयाचें आहे. १८८६ च्या मार्चमध्यें त्या एम्. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, क्षयानें पुण्यास त्यांचें निधन झालें. एकाही रोग्यावर स्वतंत्रपणें उपचार करण्याइतके दिवस त्यांना स्वदेशीं मिळाले नाहींत. त्यांच्या कार्याचा पुरावा म्हणून उरले ते कागदच.

त्यांच्या मागून आलेल्या बाईंचे कागद मात्र कायद्यापर्यंत पोंचले. मुंबईस १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पेची या इंग्रज डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना बोलावणारांत जॉर्ज किट्रेज नांवाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक होते. आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं लाखाहून अधिक रुपये देऊन स्त्रियांसाठीं जें इस्पितळ उभारलें, तें १८८६ सालीं सुरू झालें. तेथें डॉक्टरही स्त्रियाच असाव्यात ही अट होती. पेचीबाईंनीं नुसती नाडी पाहिली नाहीं. स्त्री-डॉक्टरला पुरुषाइतकाच पगार कां नको, हें त्या जाहीरपणें विचारीत. आणि १८९० सालीं बालविवाहाविरुद्ध व्याख्यान देतांना त्यांनीं डॉक्टर या नात्यानें पाहिलेलें सांगितलें. त्याच सुमारास कलकत्त्यास फुलमणि दासी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचारानें मरण पावली होती. डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकारानें ५५ डॉक्टरीणबाईंनीं व्हाइसरॉयकडे अर्ज पाठविला, आणि त्याला तेरा मुलींच्या हकीकती जोडल्या. कोणत्या वयाची मुलगी, काय इजा झाली, परिणाम काय झाला, इतकेंच. त्या यादींत शास्त्रार्थ नव्हता, शिव्याशाप नव्हते. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन दहाचें वय बारा झालें. आज बारा ऐकून अंगावर शहारे येतात. पण त्या काळीं या दोन वर्षांसाठीं महाराष्ट्र दुभंगला होता, हें लोकमान्य टिळक आणि आगरकर यांच्या वादाची माहिती असणारांस सांगावयास नको.

रखमाबाईंची हकीकतही याच वर्षांतली. नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारून त्यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत तीन वर्षें खटला लढविला, १८८५ सालीं टाइम्स ऑफ इंडियांत ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें बालविवाहावर पत्रें लिहिलीं, आणि १८८९ सालीं विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या. पुढील आयुष्य सुरत व राजकोट येथें रुग्णसेवेंत गेलें. त्यांचें चरित्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें इतकेंच, कीं वर्तमानपत्रांतल्या पत्रापासून त्यांना सुरुवात करावी लागली.

आतां झिराडकडे वळूं.

आपल्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोकांची वस्ती कधीं झाली याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्या परंपरेप्रमाणें नवगांवजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून ही जात वाढली. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्या गांवीं राहिले त्या गांवाचें आडनांव त्यांनीं घेतलें : किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, आणि झिराडचे झिराड. बोली मराठी, पोशाख मराठी, आणि उपासना मोशेच्या नियमशास्त्राची. ज्या शास्त्राला आपण जुना करार म्हणून मान देतों, तें शास्त्र पोर्तुगीजांचें गलबत १५२१ सालीं चौलच्या बंदरांत किल्ला बांधण्यासाठीं नांगर टाकीत होतें तेव्हां कोकणांत पाळलें जात होतें. आपण आणि ते एकाच पारावर वाढलेलीं दोन घराणीं आहों. ख्रिस्ती लोकांनीं यहूदी लोकांविषयीं शतकानुशतकें जें बोललें आणि केलें, तें आठवलें म्हणजे या शेजाराचें मोल अधिकच वाटतें. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें तो द्वेष स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविला.

जेरुशाबाईंचा जन्म किनाऱ्यावर झाला नाहीं. पोटापाण्यासाठीं हीं कुटुंबें मुंबईस, पुण्यास आणि दूरच्या प्रांतांत गेलीं होतीं. त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांत शिमोगा येथें २१ मार्च १८९० रोजीं झाला. शाळा पुण्यास झाली. लहानपणीं बहिणीच्या दुखण्यांत कामा हॉस्पिटलच्या डॉ. ॲनेट बेन्सन यांचें काम त्यांनीं पाहिलें, आणि आपणही डॉक्टर व्हावयाचें, तेंही याच इस्पितळांत, असा निश्चय केला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १९१२ सालीं त्या एल्. एम्. अँड एस्. झाल्या. विलायतेंत उच्च वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठीं हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. महायुद्धाच्या वर्षांत त्या लंडनमध्यें शिकत होत्या. पुरुष डॉक्टर रणांगणावर गेल्यामुळें एरवीं स्त्रियांना बंद असलेल्या कांहीं जागा तेव्हां उघडल्या होत्या. १९१९ सालीं त्यांनीं लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांतील एम्. डी. पदवी घेतली. परत आल्यावर दिल्लीचें लेडी हार्डिंज रुग्णालय आणि बंगलोर येथें कांहीं वर्षें काढून त्या मुंबईस आल्या, आणि पुढें कामा हॉस्पिटलच्या मुख्य अधिकारी झाल्या. ती जागा त्यांनीं १९४७ पर्यंत सांभाळली. लहानपणींचा हट्ट इतका तंतोतंत पुरा झाल्याचीं उदाहरणें थोडीं.

त्या धर्मनिष्ठ होत्या, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. १९२५ सालीं मुंबईंत ज्यूइश रिलिजियस युनियन ही उपासनामंडळी स्थापन करण्यांत त्या अग्रभागीं होत्या. आपल्या समाजांतील स्त्रियांना प्रार्थनेचा अर्थ कळावा, नुसता पाठ होऊं नये, ही त्यांची तळमळ. मृत्यूचीं कारणें शोधणारा मनुष्य ईश्वरी इच्छेवर अविश्वास दाखवितो, असें कांहीं भाबड्या लोकांस वाटतें. या बाईंकडे पाहिलें असतां तसें वाटावयाचें कारण उरत नाहीं.

त्यांच्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो मुंबई शहरांतील मातृमृत्यूच्या कारणांचा अहवाल. चौकशी १९३७ च्या सुमारास सुरू झाली आणि अहवाल १९४१ सालीं सरकारच्या आरोग्यविषयक पत्रिकांत प्रसिद्ध झाला. बाहेरून पाहिलें तर सरकारी छापखान्याचें रुक्ष पुस्तक. परंतु अशी चौकशी करणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीं करून पाहावी. म्युनिसिपालिटीच्या मृत्युपत्रकांत ‘ताप’, ‘अशक्तता’, ‘जुलाब’ अशीं कारणें लिहिलेलीं असतात. मूल झाल्यावर तीन आठवड्यांनीं बाई तापानें गेली, तर कागदावर ताप राहतो आणि बाळंतपण नाहींसें होतें. तेव्हां प्रसूतीच्या वयांतल्या प्रत्येक मृत स्त्रीचें घर शोधावयाचें. चाळींत जावयाचें, सासूशीं बोलावयाचें, नवऱ्याशीं बोलावयाचें. बाळंतपण केव्हां झालें, कोणी केलें, किती तास लागले, रक्त किती गेलें, ताप कोणत्या दिवशीं चढला, इस्पितळांत न्यावयास उशीर झाला तर कां झाला. मग सुईणीचें म्हणणें, इस्पितळाचा कागद, आणि घरच्यांचें म्हणणें हीं तीन्ही जुळवावयाचीं. आम्ही वर दोन वह्या शेजारीं ठेवण्याची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट सबंध मुंबई शहरासाठीं करणें म्हणजे हा अहवाल होय.

त्या वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन्ही शहरांत अशा चौकश्या झाल्या, आणि जीं कारणें पुढें आलीं तीं सर्वत्र एकाच कुळांतलीं होतीं : बाळंतज्वर, पांडुरोग, आंकडी आणि रक्तस्राव. यांत देवाची करणी म्हणून हात जोडावे असें एकही नाहीं. बाळंतज्वर अस्वच्छ हातांनीं आणि अस्वच्छ पात्यानें येतो. आंकडीची सूचना पायांवरची सूज आणि डोकेदुखी आधीं आठवडेच्या आठवडे देत असते. कोणी पाहणारें पाहिजे. रक्तस्रावाला वेळेवर पोंचलें तर उपाय असतो. आणि पांडुरोग हा तर भुकेचाच दुसरा अवतार.

पांडुरोगाविषयीं थोडें विस्तारानें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आणि परळ-भायखळ्याच्या चाळींत राहणाऱ्या कितीतरी बाया आपल्याच कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतल्या. १९२२ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनीं गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. कामावर जाण्यासाठीं तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत, आणि असें करणाऱ्या आयांचें प्रमाण त्यांनीं शेंकडा ९८ इतकें नोंदविलें आहे. बाळंतपणाच्या भत्त्याचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ सालीं झाला, तो हिंदुस्थानांत त्या प्रकारचा पहिला. त्यामागें बार्न्सबाईंच्या पाहणीसारखे कागद होते. पुढें १९२८ सालीं डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या बोलावण्यावरून लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गरोदर गिरणीकामगार बाया पांढऱ्याफटक पडून मरतात, याचें कारण शोधणें हें त्यांचें काम. हाफकिन संस्थेंत त्यांनीं आधीं जंतु शोधले. तसा जंतु सांपडला नाहीं. मग बायांचें जेवण पाहिलें. भाजीपाला, दूध, मांस यांचा दुष्काळ ज्यांच्या ताटांत, त्यांच्यांतच हा रोग अधिक. शेवटीं यीस्टच्या अर्कानें, म्हणजे विलायतेंत पावाला लावून खातात त्या स्वस्त मार्माइटनें, बाया सुधारूं लागल्या. हा शोध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अर्कांत असलेलें द्रव्य पुढें पालकाच्या पानांतून वेगळें काढलें गेलें, आणि १९४१ सालीं त्याला फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. आज सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईच्या हातावर लोहाबरोबर जी गोळी ठेवतात, तिचा उगम मुंबईच्या चाळींतल्या गरीब बायांच्या रक्ततपासणींत आहे. गोळी घेणाऱ्या आपल्या मुलींना हें माहीत असावें.

अहवाल शहराचा होता. आपल्या किनाऱ्याला त्याचा उपयोग किती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर फारसें सुखाचें नाहीं. मुंबईंतील बाईला उशीर झाला तरी इस्पितळ दोन कोसांवर होतें. रेवस, मांडवा, करंजा, चौल, कोर्लई येथल्या बाईला आणि त्या इस्पितळाला समुद्राचें अंतर होतें. चांगल्या हवेंत भाऊच्या धक्क्याला जाणारी आगबोट किंवा मचवा. पावसाळ्यांत बहुधा तेंही नाहीं. आषाढांत अडलेली बाई खाडीच्या या तीरावर, आणि डॉक्टर त्या तीरावर. समुद्र काय करूं शकतो हें १७ जुलै १९४७ रोजीं सर्वांस कळलें. रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या दिवसाची आठवण या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, आणि ती सांगितली जावी. पण बाळंतपणाचें मरण एकेकटें येतें. त्याला ना बातमी, ना वर्गणी, ना चौकशी मंडळ. वर्षांनुवर्षें एकेका घरांत गेलेल्या त्या बायांची बेरीज कोणी केली असती, तर ती किती झाली असती?

ती बेरीज देशापुरती झाली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या आरोग्य समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला, आणि त्यांत हिंदुस्थानांत दर हजार जन्मांमागें सुमारें वीस माता मरतात, म्हणजे वर्षाला सुमारें दोन लाख, असा अंदाज केला. शहरोशहरीं घरोघर हिंडून जमविलेल्या चौकश्यांवांचून असा अंदाज बांधण्यास आधारच नव्हता. गांवोगांव आरोग्यकेंद्र असावें, तेथें शिकलेली सुईण असावी, ही कल्पना त्या समितीनें मांडली. आणि खाडीच्या या तीरावरही उपचार असावा, हा विचार धोरणांत तेथून शिरला. २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत लाख जिवंत जन्मांमागें ३३ मातांचे मृत्यु झाले. भोर समितीच्या अंदाजाची लाखामागें गणना केली तर आंकडा दोन हजार येतो. दोन्ही आंकडे वाचकांनीं एकदां मोठ्यानें म्हणून पाहावेत.

आतां थोडें आपल्या घराकडे. या कामांत आपली ख्रिस्तसभा उशिरां कां आली? सेवेची उणीव नव्हती. मठवासी भगिनी इस्पितळांत अहोरात्र शुश्रूषा करीत होत्या. परंतु व्रतस्थ भगिनीनें डॉक्टरी करावी, त्यांतही बाळंतपण करावें, यास धर्मनियमांची आडकाठी होती. ही आडकाठी दूर व्हावी म्हणून रोमकडे वारंवार जाऊन अर्जविनंत्या करणाऱ्या बाईही डॉक्टरच होत्या. ॲग्नेस मॅक्लेरन या स्कॉटलंडच्या, जन्म १८३७. फ्रान्समधील माँपेलिए येथें १८७८ सालीं डॉक्टर झाल्या, साठी उलटल्यावर १८९८ सालीं त्यांनीं कॅथोलिक धर्म स्वीकारला, आणि पडद्यांतल्या स्त्रियांसाठीं रावळपिंडीस इस्पितळ उभारण्याच्या खटपटीस लागल्या. १९१३ सालीं त्या वारल्या. परवानगी त्यांच्या हयातींत मिळाली नाहीं. त्यांच्या प्रेरणेनें डॉक्टर झालेल्या ॲना डेंगल यांनीं १९२५ सालीं वैद्यकीय मिशनरी भगिनींचा संघ काढला, आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लूर्दच्या मातेच्या सणादिवशीं, रोमहून आज्ञापत्र निघालें : भगिनींनीं डॉक्टर व्हावें, सुईणीचें शास्त्र शिकावें, आणि मिशनक्षेत्रांत मातांचे व बाळांचे प्राण वांचवावेत. नाझरेथच्या मातेचें बाळंतपण गोठ्यांत झालें हें दर नाताळास आपण गातों; तरी हें पत्र निघावयास १९३६ साल उजाडलें. पूज्य सिस्टर मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर मात्र पोपसाहेबांच्या खास परवानगीनें १९२० पासूनच तेलगू मुलखांत गुंटूरला काम करीत होत्या. हिंदुस्थानांतील कॅथोलिक रुग्णालयांचा संघ त्यांनींच १९४३ सालीं स्थापन केला. त्याच सुमारास मुंबईंत एक यहूदी बाई कामा हॉस्पिटल चालवीत होत्या. दोघींचीं देवळें निराळीं. पुढ्यांतल्या रोगी बाया एकच.

जेरुशाबाईंना १९४५ सालीं सरकारची एम्. बी. ई. ही पदवी मिळाली आणि स्वतंत्र भारतानें १९६६ सालीं त्यांना पद्मश्री दिली. स्त्री-डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघटनेचें अध्यक्षपदही त्यांनीं भूषविलें. म्हातारपणीं जगांतल्या निरनिराळ्या देशांच्या स्त्री-डॉक्टरांच्या आत्मकथनांचा एक ग्रंथ निघाला, त्यांत त्यांनींही आपली हकीकत लिहिली. इस्राएल देश स्थापन झाल्यावर त्यांचे बहुतेक जातिबांधव तिकडे गेले. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथल्या प्रार्थनामंदिरांत दहा पुरुषांचा कोरम जमणेंही पुढें कठीण होऊं लागलें. झिराड हें आडनांव आतां या गांवापेक्षां समुद्रापलीकडेच अधिक ऐकूं येतें.

आणि मयतांची वही? आपल्या देवळांत ती आजही ठेवली जाते. धर्मनियमांची तशी आज्ञा आहे, आणि रकाने बहुतेक तेच आहेत. परंतु १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यानुसार ग्रामपंचायतींत किंवा नगरपालिकेंत मृत्यूची जी खबर द्यावी लागते, तिच्या नमुन्यांत आतां एक प्रश्न छापलेला असतो. मृत व्यक्ति स्त्री असल्यास, मृत्यु गरोदरपणांत, बाळंतपणांत, किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत झाला काय? उत्तर हो किंवा नाहीं असें द्यावयाचें असतें. घरांत दुःख असतें, कारकून घाईंत असतो, आणि खबर देणारा बहुधा पुरुष असतो. तेवढी एक ओळ कोरी सोडून सही केली जाण्याचा संभव असतो. ज्या कोणावर असा फॉर्म भरण्याचा प्रसंग येईल, त्यानें ती ओळ भरल्याशिवाय सही करूं नये.